हातांत डावं-उजवं नको

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या घरी सत्यनारायण होता. पूजा झाली, आरती झाली, गुरुजी तीर्थ द्यायला लागले. माझी सहा वर्षांची लेक पुढे सरकली आणि तिनं हात पुढे केला. डावा. गुरुजींची पळी तशीच थांबली. मागून सासूबाईंची चापट पोरीच्या मनगटावर फटकन बसली. “अगं, तीर्थ कुणी डाव्या हातानं घेतं का? शंभरदा सांगितलंय!” पोरीनं हात बदलला, तीर्थ घेतलं आणि दोन्ही हात फ्रॉकच्या मागे लपवून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. प्रसादाचा शिरा तिला फार आवडतो, पण त्या दिवशी तिनं तो मागितलाच नाही.

त्याच आठवड्यात शाळेतून वहीवर शेरा आला होता, ‘पेन्सिल उजव्या हातात धरण्याची सवय लावावी.’ आणि खरं सांगू का, मीही काही वेगळी नव्हते. पंगतीत तिच्या डाव्या हातातला घास मी दोन-तीनदा उजव्या हातात दिला होता. चारचौघांत कसं दिसेल, उद्या सासरी गेली की काय म्हणतील, हेच माझ्याही मनात. परिणाम एवढाच झाला, की अभ्यासाला बसली की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. नजरेतच प्रश्न, कुठल्या हातानं?

रात्री सगळं आवरल्यावर सासूबाई लसूण सोलायला बसल्या. बराच वेळ गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, “माझापण हात बांधला होता गं काकूनं. पाटी-पेन्सिल घेऊन बसलं, की डावा हात पाठीमागं बांधून ठेवायची. जुन्या लुगड्याची चिंधी होती. हिरवी. अंगणात वाल वाळत घातले होते. मला रडताना बघून शेजारची मुलं हसत होती.”

मी विचारलं, “आई, तेव्हा पहिलीत होतात का?” तर त्यांना ते आठवेना. त्या दिवशी पाटीवर कुठलं अक्षर गिरवत होत्या, तेही आठवेना. चिंधीचा रंग मात्र पंचाहत्तरी जवळ आली तरी डोळ्यांसमोर होता. आणि मग मला काही गोष्टी दिसू लागल्या, ज्या इतकी वर्षं एका घरात राहूनही दिसल्या नव्हत्या. सासूबाई लिहितात उजव्या हातानं, जेवतात उजव्या हातानं. पण देवापुढं काडी ओढतात ती डाव्या हातानं. सुईत दोरा ओवतात डाव्या हातानं. वाळवणावरचा कावळा हाकलायला खडा भिरकावतात, तोही डाव्याच हातानं. साठ-पासष्ट वर्षं उलटली, चिंधी कधीच सुटली, पण हात काही आपली ओळख विसरला नव्हता.

या एका प्रसंगानं मला विचार करायला लावलं. आपण सगळे ‘आठवण’ हा शब्द असा वापरतो, जणू डोक्यात एकच मोठी पेटी आहे आणि सगळं तिच्यात भरून ठेवलंय. कुणाची पेटी मोठी, कुणाची लहान. ‘हिची स्मरणशक्ती चांगली,’ ‘ह्याच्या काही लक्षातच राहत नाही,’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मानसशास्त्र मात्र सांगतं, की पेटी एक नाही, अनेक आहेत.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांनी १९७२ मध्ये ही गोष्ट नीट मांडली. आपल्यावर गुदरलेले, आपण अनुभवलेले प्रसंग आठवणं ही एक स्मृती, आणि जगाविषयीची माहिती आठवणं ही दुसरी. लग्नात वरमाला घालताना पाऊस आला होता आणि मामांनी छत्री धरली होती, ही प्रसंगाची आठवण. सात नव्वे त्रेसष्ट किंवा महाराष्ट्राची राजधानी मुंबई, ही माहितीची आठवण. ही माहिती आपण कधी, कुठे, कुणाकडून शिकलो ते सहसा आठवत नाही आणि आठवायची गरजही पडत नाही.

यांच्याखेरीज तिसरी एक आहे, ती म्हणजे हाताची आठवण. पुरणपोळी लाटताना हात किती दाबायचा, मोदकाच्या पाकळ्या कशा काढायच्या, सायकलचा तोल कसा सांभाळायचा, हे कागदावर लिहून द्या म्हटलं तर लिहिता येत नाही. ‘मीठ किती घालू?’ या प्रश्नाला आपल्या आया ‘अंदाजानं’ एवढंच उत्तर द्यायच्या. तो अंदाज हातात असतो.

या पेट्या खरोखर वेगळ्या आहेत हे कळलं ते एका माणसाच्या दुर्दैवामुळे. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या तरुणाला अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, भयंकर झटके येत. १९५३ मध्ये त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून आतला काही भाग दोन्ही बाजूंनी काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवा कुठलाही प्रसंग लक्षात ठेवण्याची ताकदच गेली. थोड्या वेळापूर्वी भेटलेला माणूस त्याला पुन्हा अनोळखी वाटे. मेंदूतज्ज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, घरी करून बघा! हेन्री रोज ती आकृती गिरवायचा आणि रोज त्याचा हात सुधारत जायचा. पण ‘हे मी आधी कधी केलं होतं’ हे मात्र त्याला अजिबात आठवायचं नाही. हात शिकला होता, माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. हेन्री २००८ मध्ये गेला, पण स्मृतीविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंच त्यानं जगाला दिलं.

आता सासूबाईंची गोष्ट पुन्हा आठवा. मारलेली चापट, हिरवी चिंधी, हसणारी मुलं ही प्रसंगाची आठवण. अक्षरं, पाढे ही माहितीची. आणि काडी ओढणारा डावा हात ही हाताची. तिन्ही एकाच बाईत, पण तिघींच्या चाली वेगळ्या.

मग प्रश्न असा, की हात डावा की उजवा याचा या आठवणींशी काही संबंध आहे का?

आपला डावा हात मेंदूच्या उजव्या बाजूच्या ताब्यात असतो आणि उजवा हात डाव्या बाजूच्या. बोलण्याचं मुख्य केंद्र बहुतेकांत डाव्या बाजूला असतं, हे फ्रान्समधले डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं. उजवखुऱ्या शंभर जणांत साधारण पंचाण्णवांचं भाषेचं केंद्र डावीकडे सापडतं. डावखुऱ्यांतही शंभरातल्या सुमारे सत्तरांचं ते डावीकडेच असतं, बाकीच्यांचं उजवीकडे किंवा दोन्हीकडे वाटलेलं. म्हणजे ‘डावखुऱ्यांचा मेंदू सगळा उलटा’ हे काही खरं नाही.

अमेरिकेतल्या स्टीफन ख्रिस्टमन आणि रूथ प्रॉपर या दोन संशोधकांनी २००१ मध्ये एक गमतीशीर निष्कर्ष मांडला. त्यांनी तपासलेले लोक स्वतः उजवखुरेच होते. त्यातल्या काहींच्या जवळच्या नात्यात डावखुरं माणूस होतं, काहींच्या नव्हतं. ज्यांच्या घरात डावखुरं कुणी होतं, त्यांना आधी पाहिलेले शब्द आठवून सांगणं जास्त चांगलं जमलं. पण गाळलेली अक्षरं भरून शब्द पुरा करण्याचं काम, ज्यात मुद्दाम आठवावं लागत नाही, नकळत उरलेली ओळख उपयोगी पडते, त्यात दुसरा गट पुढे होता. म्हणजे एकाची स्मरणशक्ती ‘चांगली’ आणि दुसऱ्याची ‘वाईट’ असं निघालं नाही. एकाची एक पेटी बरी, दुसऱ्याची दुसरी.

पुढे २००५ मध्ये त्यांनी आणखी बारकाईनं पाहिलं आणि एक वेगळीच रेघ पुढे आली. ती डाव्या आणि उजव्यांमधली नव्हती. ती होती ‘पक्के एकहाती’ आणि ‘मिश्रहाती’ यांच्यामधली. काही लोक जवळजवळ सगळी कामं एकाच हातानं करतात. काही जण लिहितात एका हातानं आणि झाडतात, फेकतात, कापतात दुसऱ्या हातानं. शब्दांची यादी असो की रोजच्या आयुष्यात घडलेल्या गोष्टी, मिश्रहाती लोकांना त्या सरासरीनं थोड्या जास्त आठवल्या. २००६ च्या अभ्यासात मिश्रहाती लोकांच्या बालपणीच्या पहिल्यावहिल्या आठवणी अधिक लहान वयातल्या निघाल्या. संशोधकांचं म्हणणं असं, की मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारा जो जाड पूल असतो, त्यावरून मिश्रहाती लोकांत येजा जास्त होत असावी आणि जुना प्रसंग जुळवून आठवायला ती उपयोगी पडत असावी.

मिश्रहाती म्हणजे काही विचित्र प्रकार नव्हे बरं का. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हातानं करायचा, पण लिहितो आणि सही करतो डाव्या हातानं. आपल्या सांगलीची स्मृती मानधना डावखुरी फलंदाज म्हणून जगाला ठाऊक आहे, पण एरवी ती उजवखुरी. महात्मा गांधींनी १९०९ मध्ये इंग्लंडहून आफ्रिकेला परतताना बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं. उजवा हात दुखायला लागला की ते डाव्या हातानं लिहायचे. २७५ पानांपैकी सुमारे ४० पानं डाव्या हातची आहेत.

तुम्ही स्वतः कुठल्या गटात, ते घरच्या घरी बघता येईल. १९७१ मध्ये ओल्डफील्ड नावाच्या संशोधकानं दहा कामांची यादी केली, ती अजून वापरतात. लिहिणं, चित्र काढणं, वस्तू फेकणं, कात्री, दात घासणं, सुरीनं कापणं, चमचा, काडी ओढणं, डब्याचं झाकण उघडणं आणि दोन्ही हातांनी झाडताना खराट्यावर वर असणारा हात. आज दिवसभर लक्ष ठेवा. सगळी कामं एकाच हातानं होतात, की काही त्या हातानंही? आमच्या घरी आम्ही हा खेळ खेळलो. स्वतःला पक्के उजवे म्हणवणारे आमचे ‘हे’ डब्याचं झाकण डाव्या हातानं उघडताना सापडले!

पण मैत्रिणींनो, इथे थोडं थांबू या. कारण असलं काही छापून आलं, की चार दिवसांत ते मोबाइलवर फिरायला लागतं, ‘दोन्ही हातांनी लिहा आणि मुलाची स्मरणशक्ती दुप्पट करा.’ गावोगावी सुट्टीतले क्लास निघतात, फी भरायला आपणच रांगेत असतो. म्हणून नीट समजून घ्या. हे फरक सरासरीचे आहेत आणि लहान आहेत. तुमच्या किंवा माझ्या एका मुलाविषयी ते काहीही सांगत नाहीत. मिश्रहाती असणं वेगळं आणि शिकवून मिश्रहाती बनवणं वेगळं. उंच लोकांचे पाय मोठे असतात म्हणून मोठी चप्पल घालून कुणी उंच होत नाही!

याच संशोधनातून असंही पुढे आलं होतं, की आठवण्याआधी अर्धा मिनिट डोळे डावीकडून उजवीकडे हलवले तर जास्त आठवतं. मग २०१५ मध्ये हे मानणारे आणि न मानणारे असे दोन्ही बाजूंचे संशोधक एकत्र बसले, नियम आधीच लिहून ठेवले आणि प्रयोग केला. डोळे हलवण्याचा फायदा दिसला नाही. शास्त्राचं मला हेच आवडतं. भांडण असलं तर दोघं मिळून तपासतात. आपल्याकडे सासू-सुनांनी हे करून बघायला हरकत नाही!

डावखुऱ्यांविषयी दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक म्हणजे डावखुरी मुलं फार हुशार, जन्मजात कलावंत. दुसरा म्हणजे ती मंद, हट्टी, अपशकुनी. बुद्ध्यंकाचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा डाव्या-उजव्यांत नाव घेण्यासारखा फरक निघाला नाही. ‘डावखुरे लवकर मरतात’ असंही एक भूत १९९१ च्या सुमारास अमेरिकेतून उठलं होतं. मेलेल्यांच्या नातेवाइकांना विचारलं, तर डावखुऱ्यांचं मृत्यूचं वय बरंच कमी निघालं. पण त्याचं कारण साधं होतं. जुन्या पिढीतल्या डावखुऱ्यांना लहानपणीच मारून-मुटकून उजवं केलं होतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत डावखुरे म्हणून नोंदलेलेच थोडे. डावखुऱ्यांत तरुणांची संख्या जास्त, म्हणून मेलेल्या डावखुऱ्यांतही तरुण जास्त. आमच्या सासूबाईंनाच बघा ना. नोंद करायला कुणी आलं असतं, तर सगळ्यांनी ‘उजव्या’ म्हणूनच सांगितलं असतं.

वीस लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार जगात शंभरात दहा-अकरा माणसं डावखुरी आहेत. मुलींपेक्षा मुलांत प्रमाण थोडं जास्त. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चारेक मुलं डावखुरी असणारच. ती दिसत नसतील तर ती नाहीत असं नव्हे, ती लपवली गेली आहेत.

आणि ही काही वाईट सवय नाही, की लाडानं बिघडलेलं पोर नाही. आयर्लंड बेटावरच्या बेलफास्टमध्ये पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत पाहिलं, की गर्भातली बाळं अंगठा चोखतात आणि तेव्हाच हात ठरलेला दिसतो. तीच मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर त्यांनी पुन्हा तपासली. उजवा अंगठा चोखणारी साठच्या साठ मुलं उजवखुरी निघाली. डावा चोखणाऱ्या पंधरांपैकी दहा डावखुरी. आई-वडील दोघंही डावखुरे असले तरी चारातलं एखादंच मूल डावखुरं होतं, आणि दोघं उजवे असले तरी दहातलं एखादं होतंच. तेव्हा ‘तुमच्याकडून आलं’, ‘आमच्याकडे कुणी नव्हतं’ या वादाला काही अर्थ नाही. पोटात असताना जे बाळ अंगठा निवडून आलं, त्याला आपण पाचव्या-सहाव्या वर्षी विचारतो, ‘ही कुठली सवय लावून घेतलीस?’

मग हात बदलायला लावला तर होतं काय? मूल लिहायला लागतं, हे खरं. सासूबाईंचं अक्षर आजही मोत्यासारखं आहे. पण जर्मनीतल्या संशोधकांनी लहानपणी हात बदलायला लावलेल्या प्रौढांचे मेंदू तपासले. २००२ आणि २००७ च्या त्या अभ्यासांत दिसलं, की इतकी वर्षं लोटली तरी मेंदूची उजवी बाजू, म्हणजे डाव्या हाताची बाजू, कामात गुंतलेलीच होती. हात बदलला होता, मेंदू पुरता बदलला नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त अक्षर दिसतं. आत काय खटपट चालली आहे ते ज्याचं त्याला, आणि कधी कधी त्यालाही ठाऊक नसतं.

आणि आईला दिसतं ते आणखी साधं आहे. माझी लेक ‘क’ काढताना आधी ‘कुठला हात’ हे ठरवण्यात दमून जायची. तिचं निम्मं लक्ष हातावर, मग अक्षर लक्षात राहणार कसं? आणि वर आपणच म्हणायचं, ‘हिच्या काही लक्षात राहत नाही.’

आपली भाषाही या बाबतीत उजव्या बाजूची. चांगलं झालं की ‘उजवं’ ठरतं. कूस ‘उजवते’, देव ‘उजवा कौल’ देतो. आणि बाजूला सारलं की ‘डावललं’, कमी दर्जाचं ठरवलं की ‘डावं’. पण तीच भाषा बायकोला ‘वामांगी’ म्हणते आणि अर्धनारीनटेश्वरात पार्वतीची जागा डावी आहे. बायकांचा डावा डोळा लवला तर शुभ, हेही आपल्याच आजीनं सांगितलं. डावं इतकं वाईट असतं तर आपल्याला तिथं बसवलं असतं का? आणि बसवूनही डावलायचं कसं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको!

तेव्हा करायचं काय? मला कळलेलं थोडंसं सांगते. साधारण तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान मुलाचा हात पक्का होतो. त्याआधी ते कधी हा, कधी तो हात वापरतं, ते वापरू द्या. वस्तू मधोमध ठेवा, निवड त्याला करू द्या. मात्र वर्ष-दीड वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसरा जवळपास हलवतच नसेल, किंवा मोठ्या मुलाचा नेहमीचा हात अचानक चालेनासा झाला, तर तो डावं-उजवंचा प्रश्न नाही. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

आपली देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डावखुऱ्या मुलाचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरावरून घासत जातो. मग ते मनगट वाकडं करतं आणि बाई म्हणतात, ‘हात नीट धर.’ वही जरा डाव्या बाजूला सरकवा आणि तिचा वरचा भाग उजवीकडे झुकवा. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायला सांगा. बाकावर डावखुऱ्या मुलाला डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजारच्याचं कोपर लागत नाही. साधी कात्री डाव्या हातात नीट कापत नाही, पाती उलटी पडतात. डावखुऱ्यांसाठीची कात्री मिळाली तर घ्या. विणकाम, रांगोळी, बुटाची नाडी शिकवताना शेजारी बसू नका, समोर बसा. आरशात बघितल्यासारखं ते आपोआप उचलतं. यातल्या बहुतेक गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

आणि शाळेतल्या बाईंशी बोला. भांडू नका, बोला. मी गेले होते. बाई तरुण होत्या, ऐकून घेतलं. म्हणाल्या, “पालकच सांगतात हो सवय मोडा म्हणून.” तेव्हा मला माझाच पंगतीतला घास आठवला आणि मान खाली गेली.

राहता राहिलं देवाचं. माझं मत विचाराल तर देवाला दोन्ही हात सारखेच, त्यानंच दिलेत. पण घर चार जणांचं असतं. त्या रात्री लसूण सोलून झाल्यावर सासूबाईंनीच निकाल दिला, “तीर्थ-प्रसाद उजव्यानं. तेवढं देवाचं. बाकी तिचं तिच्या हातानं. पुन्हा नाही मारणार मी.” मी लगेच हो म्हटलं. त्यांच्या पिढीनं एवढं पाऊल पुढे टाकलं, हे माझ्या लेखी थोडं नाही. पुढचं पाऊल लेक मोठी झाल्यावर तिचं ती बघेल.

आता संध्याकाळी दोघी ओसरीवर रांगोळी काढायला बसतात. आजी समोर, नात समोर. परवा पाहिलं तर आजीच्या डाव्या चिमटीत रांगोळी होती. ओळी जरा वाकड्या येत होत्या. पंचाहत्तरीला टेकलेली बाई पहिल्यांदा स्वतःच्या हातानं रांगोळी काढत होती. मी काही बोलले नाही, चहा ठेवायला आत गेले.

मैत्रिणींनो, मुलाला आपण काय शिकवलं ते माहितीच्या पेटीत जातं, कुणी शिकवलं ते विसरलं जातं. हातात मुरलेलं हातातच राहतं. पण मारलेली चापट, चारचौघांत ओढलेला हात, हे प्रसंगाच्या पेटीत जाऊन बसतं आणि साठ वर्षांनी लसूण सोलताना बाहेर येतं, चिंधीच्या रंगासकट. आपल्या लेकींच्या त्या पेटीत काय ठेवायचं, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. मग तो हात डावा असो की उजवा.

तुमच्या घरात असा एखादा लपवलेला डावा हात आहे का? आज काडी ओढताना, खराटा धरताना जरा बघा. आईचा, आजीचा, सासूबाईंचा. आणि सापडला तर विचारा त्यांना, तुमचा हात कुणी बदलला होता? कदाचित इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नसेल.